जुन्या गाडीचे सस्पेन्शन आणि स्टिअरिंग : दोष कसा शोधावा आणि काम कोणत्या क्रमाने करावे

दहा-बारा वर्षे वापरलेल्या मोटारीचे इंजिन, ऑइल वेळच्या वेळी बदलले असेल तर, अजून ठणठणीत असते. थकलेले असते ते गाडीखालचे काम. लोअर आर्मचे (चाकाला चासीशी जोडणाऱ्या खालच्या भुजेचे) बुश म्हणजे रबरी आधार, भुजेच्या टोकाचा बॉल जॉइंट, लिंक रॉड, शॉक ॲब्सॉर्बर, स्टिअरिंगचा जोर चाकाकडे नेणाऱ्या दांड्याचा टाय रॉड एंड आणि स्टिअरिंग रॅक यांपैकी एकही भाग सहसा एका दिवसात निकामी होत नाही. झीज हळूहळू वाढत जाते, रोज तीच गाडी चालवणाऱ्याला ती जाणवत नाही आणि खडखडाट कानांच्या अंगवळणी पडतो. त्यात ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर कासारवडवलीपासून माजिवड्यापर्यंत रोजची ये-जा असेल किंवा शिळफाटा-महापे मार्गाने अवजड वाहनांच्या रांगेतून जावे लागत असेल, तर प्रत्येक पावसाळ्यानंतर या भागांचे आयुष्य आणखी कमी झालेले असते.

या लेखात मुख्यतः पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेला खांब) आणि रॅक-पिनियन स्टिअरिंग (दातेरी दांडा आणि त्याला हलवणारे छोटे दातेरी चाक) असलेल्या जुन्या लहान गाड्यांचा विचार केला आहे. मारुती स्विफ्ट, वॅगन-आर, ह्युंदाई सँट्रो, आय-टेन या त्याच जातीच्या गाड्या. माझे ठाम म्हणणे असे आहे की दोष नेमका हाती लागल्याशिवाय एकही भाग बदलू नये, आणि बदलायचा ठरलाच तर तो कोणत्या स्थितीत आणि कोणत्या क्रमाने घट्ट केला जातो याकडे त्याच्या किमतीपेक्षा अधिक लक्ष द्यावे. नवे बुश सहा महिन्यांत फाटले अशी तक्रार जेव्हा ऐकू येते, तेव्हा पुष्कळदा दोष बुशचा नसतो, बसवण्याचा असतो.

चालवताना काय ऐकावे

पहिली तपासणी गाडी न उचलता होते. चारही टायरांतील हवा दारावरच्या तक्त्यात दिलेल्या दाबाप्रमाणे भरून घ्यावी, डिकीतील सुटे सामान आणि स्टेपनीजवळचा जॅक काढून ठेवावा, कारण मागून येणारा निम्मा खडखडाट याच वस्तूंचा असतो, आणि मग खिडक्या उघड्या ठेवून एखाद्या भिंतीला लागून असलेल्या शांत रस्त्यावरून गाडी सावकाश चालवावी. भिंतीवरून आवाज परत येतो आणि तो डावीकडचा की उजवीकडचा हे कळणे सोपे जाते. रविवारी सकाळी वागळे इस्टेटमधले अंतर्गत रस्ते यासाठी चांगले आहेत, कारण तिथे बंद कारखान्यांच्या लांब भिंतीही आहेत आणि खड्डेही आहेत.

लहान खड्ड्यांवरून जाताना एका बाजूने 'टकटक' असा कोरडा, हलका आवाज येत असेल आणि दोन्ही चाके एकाच वेळी गतिरोधकावरून सरळ गेली की तो कमी होत असेल, तर सर्वप्रथम बॅलन्स रॉडच्या (दोन्ही बाजूंचे सस्पेन्शन जोडून गाडीचे कलणे कमी करणाऱ्या दांड्याच्या) लिंककडे संशयाने पाहावे. दोन्ही चाके सारखी वर गेली की बॅलन्स रॉडला पीळ बसत नाही, त्यामुळे सैल झालेली लिंक गप्प राहते. एकच चाक खड्ड्यात गेले की ती बोलते. आवाज जड असेल, 'धप्प' असा असेल आणि ब्रेक लावताना किंवा रिव्हर्समधून पहिल्या गिअरमध्ये निघताना ऐकू येत असेल, तर लोअर आर्मचे बुश पाहावेत. गाडी उभी असताना स्टिअरिंग पूर्ण फिरवले की वरच्या बाजूने स्प्रिंग एकदम उसळल्यासारखा 'टंग' आवाज येणे हे स्ट्रटच्या वरच्या माउंटिंगचे आणि त्यातील बेअरिंगचे लक्षण असते. खडबडीत रस्त्यावर स्टिअरिंगच्या चाकातच बारीक थरथर जाणवत असेल, तर रॅकचा बुश किंवा रॅक एंड (रॅकला टाय रॉडशी जोडणारा आतला जॉइंट) सैल झालेला असण्याची शक्यता अधिक. स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढे निघताना 'कट-कट-कट' असा एका लयीत आवाज येत असेल, तर तो सस्पेन्शनचा दोष नाही, ड्राइव्ह शाफ्टच्या जॉइंटचा आहे, आणि त्यासाठी लोअर आर्म बदलणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय.

माझ्या थोरल्या भावाच्या २००९ सालच्या स्विफ्टला पुढून आवाज येऊ लागला तेव्हा एका गॅरेजने नुसती फेरी मारून दोन्ही पुढचे शॉक ॲब्सॉर्बर बदलण्याचा सल्ला दिला होता. आम्ही दोन्ही लिंक पूर्ण काढून सोसायटीच्या आवारात आणि बाहेरच्या खड्ड्यांवरून अगदी मंद गतीने फेरी मारली; आवाज नाहीसा झाला. शॉकमधून तेल गळत नव्हते, फक्त लिंक गेल्या होत्या. ही चाचणी केवळ मंद गतीसाठी आहे, कारण लिंक काढलेली गाडी वळणावर नेहमीपेक्षा जास्त कलते. मारुती ८०० सारख्या गाड्यांत बॅलन्स रॉड बुशमधून थेट लोअर आर्मला जोडलेला असतो आणि आर्मला जागेवर धरण्याचे कामही तोच करतो, त्यामुळे अशा गाड्यांत तो सोडून गाडी मुळीच हलवू नये.

टायर पुष्कळ काही सांगतात. आतली किंवा बाहेरची एकच कड झिजली असेल तर टो (चाकांची टोके आत किंवा बाहेर वळलेली असणे) किंवा कॅम्बर (चाकाचा उभा कल) बिघडलेला असतो. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी ठेवली गेली आहे. तळहात एका दिशेने फिरवल्यावर गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखा खरखरीत लागत असेल तर टो बिघडलेला आहे. आणि टायरवर ठिकठिकाणी खळगे पडले असतील तर शॉक ॲब्सॉर्बर चाकाला रस्त्यावर धरून ठेवू शकत नाही किंवा चाकाचे बॅलन्सिंग गेले आहे. टायरच्या खाचांमध्ये उंचवट्यासारखी झीज-खूण असते. रबर तिच्या पातळीला आले म्हणजे खोली १.६ मिलिमीटर उरली आणि टायर कायद्यानेही बाद झाला.

गाडी उचलून तपासणी

डिकीत मिळणारा कात्री जॅक फक्त टायर बदलण्यासाठी असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये, डोके तर कधीच नाही. ट्रॉली जॅक आणि दोन घोड्या (गाडी टेकवून ठेवण्याचे लोखंडी स्टँड) हव्यात. जागा सपाट आणि काँक्रीटची असावी. पार्किंगचा उतार किंवा रॅम्प टाळावा, आणि डांबरावर काम करण्यावाचून गत्यंतर नसेल तर घोडीच्या पायांखाली जाड प्लायवूडचा तुकडा ठेवावा, कारण मे महिन्याच्या उन्हात डांबर मऊ होते आणि घोडीचे पाय त्यात रुततात. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडथळे लावावेत, हँडब्रेक ओढावा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी, चाकांचे नट जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करावेत, आणि उत्पादकाने दाखवलेल्या जागेवरच जॅक लावून पुढची दोन्ही चाके अधांतरी ठेवावीत. घोड्यांवर गाडी टेकवल्यानंतर तिला बाजूने जोराने हलवून पाहावे. हलायचीच असेल तर ती आपण खाली जाण्याआधी हलू द्यावी.

आता चाक घड्याळातील बारा आणि सहाच्या जागी धरून आत-बाहेर हलवावे. सैलपणा जाणवला तर तो बॉल जॉइंटचा आहे की चाकाच्या बेअरिंगचा, हे ओळखण्याची एक सोपी रीत आहे : घरातील कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगावे आणि चाक पुन्हा हलवावे. ब्रेक दाबल्यावर सैलपणा गेला तर दोष बेअरिंगचा. तसाच राहिला तर बॉल जॉइंटकडे किंवा स्ट्रटकडे पाहावे. लोअर आर्म आणि नकल (चाक ज्यावर बसते तो भाग) यांच्यामध्ये टॉमी (लोखंडी दांडा) घालून हलकेच उचकटून पाहिले की बॉल जॉइंटमधला उभा सैलपणा डोळ्यांना दिसतो. नंतर चाक नऊ आणि तीनच्या जागी धरून तेच करावे. इथला सैलपणा टाय रॉड एंड, आतला रॅक एंड किंवा बेअरिंग यांचा असतो.

टाय रॉडच्या बाबतीत डोळ्यांपेक्षा बोटे अधिक खरे सांगतात. किल्ली लावून स्टिअरिंगचे लॉक सोडवावे, इंजिन बंद असावे, एकाने स्टिअरिंग इंच-दीड इंच डावी-उजवीकडे हलवत राहावे आणि दुसऱ्याने टाय रॉड एंडच्या जॉइंटवर दोन बोटे अशी ठेवावीत की एक बोट रॉडवर आणि दुसरे नकलच्या भुजेवर राहील. चांगल्या जॉइंटमध्ये दोन्ही बोटे एकाच क्षणी हलतात. झिजलेल्या जॉइंटमध्ये आधी एक बोट हलते आणि केसभर उशिराने, हलक्या ठोक्यासह, दुसरे. तोच प्रयोग रॅकच्या रबरी बूटवरून (जॉइंटवरच्या आवरणावरून), आतल्या रॅक एंडला चिमटीत धरून करावा. बूट फाटलेला असेल तर त्याच्या चिरेतून बाहेर आलेले ग्रीस पाहावे. ते काळे आणि ओशट असेल तर अजून वेळ आहे, पण त्यात तांबूस छटा आणि बोटांना वाळूसारखी कचकच लागत असेल तर पाणी आत शिरून गंज धरलेला आहे, आणि आता नुसता बूट बदलून जॉइंट वाचणार नाही.

गाडी जमिनीवर आणि चाके सरळ असताना स्टिअरिंग हलकेच फिरवून पुढची चाके हलू लागेपर्यंत किती अंतर रिकामे जाते हेही मोजावे. अनेक लहान गाड्यांच्या पुस्तिकांत स्टिअरिंगच्या चाकाच्या कडेवर सुमारे ३० मिलिमीटरपर्यंतचा सैलपणा चालतो असे दिलेले असते. आपल्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेतून घ्यावा.

लोअर आर्म जिथे चासीला जोडला जातो ती जागा, पुढचा क्रॉसमेंबर (चासीची आडवी तुळई) आणि बॉनेट उघडल्यावर दिसणारे स्ट्रटचे वरचे टॉवर या ठिकाणी गंज आहे का, हे स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने दाबून पाहावे. खाडीच्या काठाने राहणाऱ्यांनी, म्हणजे कोपरी, ऐरोली, वाशी, बेलापूर या भागांत गाडी वर्षानुवर्षे उघड्यावर उभी असलेल्यांनी, हे जरूर करावे. खारी दमट हवा पत्र्याच्या जोडात शिरून आतून काम करते. स्क्रू ड्रायव्हर आत रुतला तर आधी पत्र्याचे आणि वेल्डिंगचे काम जाणत्या कारागिराकडून करून घ्यावे. सडलेल्या जागेवर नवा आर्म लावण्यात अर्थ नाही.

भाग कोणते घ्यावेत

कंपनीचे मूळ भाग किंवा गाडी-कंपन्यांना पुरवठा करणाऱ्या उत्पादकांचे भाग घ्यावेत. शॉक ॲब्सॉर्बरमध्ये गॅब्रिएल आणि स्टिअरिंगच्या जॉइंटमध्ये राणे ही नावे गॅरेजवाल्यांच्या तोंडी असतात. खोक्यावरचा भाग क्रमांक गाडीच्या चासी क्रमांकाशी जुळतो का हे पाहावे आणि पक्के बिल घ्यावे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचे काढलेले भाग मिळतात आणि दाराचे हँडल किंवा आरसा तिथून आणण्यात काही वावगे नाही. पण ज्या भागात रबर आहे किंवा ज्याच्यावर स्टिअरिंग अवलंबून आहे असा एकही भाग जुना घेऊ नये. शॉक ॲब्सॉर्बर नेहमी जोडीने बदलावेत. लिंकही जोडीनेच बदललेल्या बऱ्या, कारण एक गेली की दुसरी फार मागे नसते. फक्त बुश दाबून बसवण्यापेक्षा, उपलब्ध असेल तर, बुश आणि बॉल जॉइंटसह पूर्ण लोअर आर्म घेणे मला अधिक पसंत आहे. घरच्या हत्यारांनी बुश वाकडा न बसवता दाबणे कठीण असते.

लोअर आर्म बदलणे

आदल्या संध्याकाळीच बॉल जॉइंटचा बोल्ट, आर्मचे दोन्ही बुश बोल्ट आणि लिंकचा नट यांवर गंज सोडवणारे तेल फवारून ठेवावे. कोकणपट्टीतल्या गाडीवर हे टाळले तर दुसऱ्या दिवशी बोल्ट तुटण्याची वेळ येते. बोल्टवर नुसता जोर लावण्यापेक्षा प्रथम तारेच्या ब्रशने आटे साफ करावेत, गोटी पाना पूर्ण आत बसला आहे याची खात्री करावी आणि मग लांब दांड्याने एकसंध जोर द्यावा.

काम करताना पुढची दोन्ही चाके वर असावीत, म्हणजे बॅलन्स रॉडला पीळ राहत नाही. लिंकचा नट फिरवताना आतला बॉलही सोबत फिरू लागतो; त्याच्या टोकाला ॲलन की साठी खाच असते, ती धरून नट सोडवावा. खाच गंजाने भरली असेल तर ती आधी टोकदार वस्तूने कोरून स्वच्छ करावी, नाहीतर की घसरून खाच गोल होते आणि मग लिंक कापावीच लागते.

बऱ्याच लहान गाड्यांत बॉल जॉइंटचा दांडा नकलच्या फटीत बसून एका आडव्या बोल्टने आवळलेला असतो. हा बोल्ट नुसता सैल करून चालत नाही, तो पूर्ण बाहेर काढावा लागतो, कारण दांड्यावर खाच असते आणि बोल्ट त्या खाचेतूनच जातो. बोल्ट निघाल्यावर फट छिन्नीने किंचित रुंद करावी आणि टॉमीने आर्म खाली दाबून दांडा मोकळा करावा. दांडा सुटला की नकल मोकळी होते. तिला बाहेरच्या बाजूला ओढू नये, कारण त्यामुळे ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट निसटू शकतो. नकल तारेने स्प्रिंगला बांधून ठेवावी आणि ब्रेकच्या होजवर किंवा एबीएसच्या वायरवर भार येत नाही हे पाहावे. नंतर बुशचे बोल्ट काढावेत. कोणता बोल्ट कोणत्या दिशेने घातलेला होता याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

नवा आर्म लावताना बोल्ट आधी हाताने फिरवावेत, म्हणजे आटे वाकडे चढत नाहीत. बॉल जॉइंटचा दांडा पूर्ण आत बसवून त्याचा बोल्ट, शक्यतो नवा, पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने (आवळण्याच्या ठरलेल्या जोराने) घट्ट करावा. बुशचे बोल्ट मात्र या टप्प्यावर घट्ट करू नयेत. फक्त टेकवून ठेवावेत.

याचे कारण नीट समजून घेतले पाहिजे. बुशमधले रबर आतल्या आणि बाहेरच्या धातूच्या नळीला चिकटवलेले असते. आर्म वर-खाली होतो तेव्हा नळ्या घसरत नाहीत, मधल्या रबराला पीळ बसतो. गाडी अधांतरी असताना आर्म पूर्ण खाली लोंबलेला असतो. त्याच स्थितीत बोल्ट आवळला तर आतली नळी तिथेच पक्की होते आणि गाडी जमिनीवर येताच, ती नुसती पार्किंगमध्ये उभी असली तरी, रबराला कायमचा पीळ बसून राहतो. मग प्रत्येक खड्ड्यात तो आणखी ताणला जातो आणि थोड्याच महिन्यांत फाटतो. म्हणून आर्मच्या बॉल जॉइंटच्या बाजूखाली जॅक लावून, मध्ये लाकडाचा तुकडा ठेवून, गाडीचे वजन त्या बाजूला येईपर्यंत आर्म उचलावा, घोडी तशीच जागेवर राहू द्यावी, आणि मगच बोल्ट पूर्ण टॉर्कने घट्ट करावा. गाडीखाली उतरण्यासाठी खड्डा असलेले किंवा गाडी चाकांवर वर चढवता येईल असा रॅम्प असलेले गॅरेज उपलब्ध असेल तर चारही चाके जमिनीवर ठेवून हे करणे उत्तम. ज्या बुशमधून बोल्ट उभा जातो त्याच्या बाबतीत हा नियम तितका कडक नाही; आडव्या बोल्टच्या बुशला तो काटेकोरपणे पाळावा. गॅरेजमध्ये काम करून घेत असाल तर घट्ट करण्याच्या वेळी समोर उभे राहावे आणि हे नम्रपणे पण स्पष्टपणे सांगावे. गाडी लिफ्टवर असताना एअर गनने सगळे एकाच झटक्यात आवळले जाते, आणि चांगला महाग आर्म तिथेच वाया जातो.

चाकांचे नट आडवे-तिडवे, म्हणजे समोरासमोरचे, अशा क्रमाने घट्ट करावेत. लहान गाड्यांच्या पुस्तिकांत त्यांचा टॉर्क साधारण ८५ ते १०० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. टॉर्क पाना भाड्याने किंवा उसना मिळत असेल तरी घ्यावा. इथे अंदाज चालत नाही.

टाय रॉड एंड बदलणे

प्रथम लॉक नट पाव फेरा सैल करावा आणि त्याच्या जागेवर रंगाची खूण करावी. नंतर कॅसल नटमधली (वरच्या कडेला खाचा असलेल्या नटमधली) स्प्लिट पिन काढून नट सैल करावा, पण तो दांड्याच्या टोकावर दोन-तीन आट्यांवर राहू द्यावा, म्हणजे जॉइंट सुटताना एकदम उडत नाही आणि आटेही सुरक्षित राहतात. पुलर (जॉइंट दाबून मोकळा करणारे हत्यार) असेल तर तो लावावा. नसेल तर नकलच्या ज्या कडीत जॉइंटचा दांडा बसलेला असतो त्या कडीवर बाजूने हातोडीचे दोन-तीन खणखणीत ठोके द्यावेत. धक्क्याने शंकूसारखा दांडा मोकळा होतो. दांड्याच्या टोकावर हातोडी मारू नये.

जुना एंड फिरवून काढताना किती फेऱ्यांनी निघाला ते मोजावे आणि नवा तितक्याच फेऱ्यांनी बसवावा. यामुळे अलाइनमेंट (चाकांच्या कोनांची जुळणी) अचूक होत नाही, पण गाडी अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत सरळ जाईल इतपत जवळ राहते. कॅसल नट दिलेल्या टॉर्कने घट्ट केल्यावर पिनेचे भोक खाचेशी जुळत नसेल तर नट थोडा पुढे घट्ट करून जुळवावे, मागे सैल करून कधीही नाही. पिन नवीनच घालावी आणि तिची दोन्ही टोके वळवावीत. जुनी पिन सरळ करून परत वापरण्यात वाचणारी रक्कम इतकी क्षुल्लक आहे, आणि ती पिन तुटल्यावर होणारे नुकसान इतके मोठे, की यावर चर्चा होऊ नये.

स्ट्रट : घरी काय करावे आणि काय करू नये

शॉक ॲब्सॉर्बरच्या अंगावर धुळीचा पातळ ओलसर थर असणे म्हणजे तो गेला असे नाही; पण तेल खालपर्यंत ओघळून बूट चिकट झाले असेल तर तो गेला. गाडीचा एक कोपरा जोराने दाबून सोडल्यावर ती एकदा वर येऊन स्थिरावली पाहिजे. मात्र थोड्या थकलेल्या शॉकच्या बाबतीत ही चाचणी खोटा दिलासा देते, त्यामुळे टायरवरचे खळगे आणि गतिरोधकानंतर गाडीचे डोलणे यांवर अधिक विश्वास ठेवावा.

स्ट्रट गाडीतून खाली उतरवणे घरी जमू शकते, पण त्यावरची स्प्रिंग उतरवण्याचे काम घरी करू नये. दाबलेल्या स्प्रिंगमधली ताकद माणसाचा जीव घेऊ शकते, आणि स्वस्तातल्या हुकच्या कॉम्प्रेसरवर ती घसरते. स्ट्रट उतरवून चांगला भिंतीवरचा कॉम्प्रेसर असलेल्या गॅरेजमध्ये नेणे हा योग्य मार्ग. उतरवण्यापूर्वी नकलला जोडणाऱ्या दोन बोल्टांच्या जागांभोवती रंगाची खूण करावी, कारण काही गाड्यांत याच बोल्टांच्या किंचित हालचालीवर कॅम्बर अवलंबून असतो. स्ट्रट उघडला आहेच तर वरचे माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉप (शेवटचा धक्का झेलणारा रबरी ठोकळा) आणि धुळीचे बूट हे चारही भाग एकाच वेळी बदलावेत. पुढे त्यांतल्या एकासाठी हेच सगळे पुन्हा सोडावे लागते.

रॅक आणि पॉवर स्टिअरिंग

रॅकचा आवाज आला की 'रॅक टाइट करून देतो' असे सांगितले जाते. रॅकच्या मागे प्लंजर दाबणारा एक स्क्रू असतो, तो आवळला की आवाज काही दिवस थांबतो. हे समायोजन पुस्तिकेप्रमाणे करता येते, पण मर्यादेपेक्षा जास्त आवळले तर वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही, आणि घोडबंदर रस्त्यावरच्या गायमुखच्या घाटात तर हे सरळ धोक्याचे आहे. समायोजनानंतर मोकळ्या जागेत मंद गतीने वळून, हात सैल सोडून चाक परत येते का, हे तपासल्याशिवाय रहदारीत जाऊ नये. रॅकच्या दुसऱ्या टोकाचा प्लास्टिकचा बुश झिजला असेल तर स्क्रू आवळून काही साधणार नाही. तो बुशच बदलावा लागतो.

स्टिअरिंग फिरवताना एका ठरावीक ठिकाणी अडखळून पुन्हा हलके होत असेल, तर रॅकला दोष देण्याआधी पायाजवळच्या स्टिअरिंग शाफ्टचा युनिव्हर्सल जॉइंट गंजला आहे का ते पाहावे. एअरबॅग असलेल्या गाडीत स्टिअरिंगच्या चाकाला किंवा कॉलमला हात लावण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार काढून पुस्तिकेत दिलेला वेळ थांबावे. शाफ्ट रॅकपासून सोडला असेल तर चाक मोकळे फिरू देऊ नये, कारण एअरबॅगची गुंडाळलेली वायर त्यामुळे तुटते.

हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगमध्ये तेल कमी होत असेल आणि कुठेही गळती दिसत नसेल, तर रॅकचे बूट दाबून पाहावेत. आत तेल साठलेले असेल तर रॅकची सील गेली आहेत. तेल झाकणावर किंवा पुस्तिकेत लिहिलेल्या प्रकाराचेच भरावे. पार्किंगमध्ये चाक पूर्ण वळवून दाबून धरण्याची सवय पंपाला मारक आहे. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग जड झाले आणि दिवा लागला तर महागड्या मोटरचा विचार करण्याआधी बॅटरीचे टर्मिनल, व्होल्टेज आणि अर्थची तार तपासावी.

ओम्नी किंवा बोलेरोसारख्या गाड्यांत मागे पाटे (लीफ स्प्रिंग) असतात. त्यांच्यातला चिखल पावसाळ्यानंतर पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढावा, शॅकलचे (पाट्याचे टोक चासीला धरणाऱ्या कडीचे) बुश आणि यू-बोल्ट तपासावेत, तुटलेला पाटा वेल्डिंग न करता बदलावा, आणि ग्रीस निपल असतील तर जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे भरावे.

अलाइनमेंट सर्वांत शेवटी

सैल जॉइंटच्या गाडीचे अलाइनमेंट करणे निरर्थक आहे. यंत्रावर आकडे हिरवे दिसतात आणि पहिल्या खड्ड्यात ते बदलतात. म्हणून सगळे भाग बदलून झाल्यावर, टायरांतील हवा सारखी करून आणि गाडीत नेहमीचेच सामान ठेवून अलाइनमेंट करावे आणि आधीचे व नंतरचे असे दोन्ही आकडे छापून घ्यावेत. बहुतेक लहान गाड्यांत टोच तेवढा बदलता येतो. कॅम्बर एका बाजूला मर्यादेबाहेर असेल तर तिथे आर्म, स्ट्रट किंवा नकल वाकलेली आहे असे समजून पुढचा शोध घ्यावा. कारागीर टाय रॉड फिरवतो तेव्हा रॅकच्या बूटचा क्लिप सैल केला आहे का, हे पाहावे. नाहीतर बूट पिळला जाऊन फाटतो.

अलाइनमेंटनंतरही गाडी एका बाजूला ओढत असेल तर पुढची दोन चाके, टायरवर दिशेचा बाण नसेल तर, डावी-उजवीकडे अदलून पाहावीत. ओढण्याची दिशा बदलली तर दोष टायरचा आहे. दिशा तीच राहिली तर अडकलेला ब्रेक कॅलिपर तपासावा : दहा मिनिटे चालवून थांबल्यावर एका बाजूचे चाक लक्षणीय गरम लागते. द्रुतगती मार्गावर ताशी ८० ते १०० किलोमीटरच्या वेगात स्टिअरिंग थरथरत असेल आणि वेग कमी केल्यावर शांत होत असेल, तर तो बहुधा बॅलन्सिंगचा प्रश्न असतो; थरथर केवळ ब्रेक लावतानाच येत असेल तर ब्रेक डिस्क पाहावी.

काम झाल्यानंतरची पहिली फेरी सोसायटीच्या आवारात, दुसरी शांत रस्त्यावर ब्रेक आणि दोन्ही दिशांची पूर्ण वळणे तपासत, आणि त्यानंतरच नेहमीच्या रस्त्यावर घ्यावी. ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर चाकांचे नट आणि सोडलेले सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासावेत.

वर्षातून दोन वेळा ही तपासणी करावी. मे महिन्यात, पाऊस सुरू होण्यापूर्वी, सगळे रबरी बूट बारकाईने पाहावेत, कारण फाटलेला बूट तेव्हा बदलला तर जॉइंट वाचतो आणि जुलैत साचलेल्या पाण्यातून गाडी गेल्यावर वाचत नाही. दुसऱ्यांदा ऑक्टोबरमध्ये, खाली साचलेला चिखल धुऊन काढल्यावर, सैलपणा, गंज आणि टायर पाहून अलाइनमेंट करावे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर आरटीओच्या तपासणीनंतर पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. एमएच-०४ (ठाणे) असो वा एमएच-४३ (नवी मुंबई), ती मुदत जवळ आलेल्यांनी हे काम तारखेच्या किमान दोन महिने आधी हाती घ्यावे, म्हणजे भाग मागवायला, गंजलेले बोल्ट सोडवायला आणि अलाइनमेंटनंतर काही दिवस गाडी चालवून पाहायला वेळ मिळतो.